हजेरीपटाबाहेरचे दोन महिने

माजी सैनिकाच्या छातीवरची मेडलं वाचता येणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी कल्याण संघटक आहे. त्याआधी फौजेत क्लर्क होतो, त्यामुळे रायफलीपेक्षा फायलीशी माझा संबंध जास्त आला. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी आमचा कॅम्प असतो. टेबल मांडून बसलो की माणसं येतात. पेन्शन अडकलेली असते, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड झालेलं नसतं, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, बांधावरून भावकीशी तंटा असतो. कुणी मेडलं लावून आला, तर कागद मागायच्या आधी मी त्याच्या छातीकडे बघतो. १९६५ चं रक्षा मेडल दिसलं की गडी त्या लढाईच्या वेळी वर्दीत होता हे कळतं. संग्राम मेडल असेल तर १९७१ ला होता. त्याच्या जोडीला पूर्वी स्टार असेल तर बांगलादेशच्या आघाडीवर, पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानच्या पश्चिम सरहद्दीवर. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं मेडल म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला तो नोकरीत होता. नऊ वर्षांच्या सेवेचं, वीस वर्षांच्या सेवेचं वेगळं. एका पट्टीवर अख्खी नोकरी ओळीनं टांगलेली असते.

माण तालुक्यातल्या एका गावचे सुभेदार साहेब मला अशा पट्टीवरूनच आधी कळले. एका १६ डिसेंबरला, विजय दिनाच्या कार्यक्रमात, ते मागच्या ओळीत उभे होते. कोट जुना, पण इस्त्रीचा. डोक्यावर पलटणीची टोपी, तिच्यावर मराठा लाइट इन्फंट्रीचा हिरवा-लाल तुरा. छातीवर पूर्वी स्टार. मी जवळ जाऊन विचारलं, "साहेब, कुठली पलटण?" ते म्हणाले, "जंगी." एवढंच.

जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १७६८ साली उभी राहिलेली. आमच्या भागातल्या कित्येक घरांचा या रेजिमेंटशी तीन-तीन, चार-चार पिढ्यांचा संबंध आहे. गावोगावच्या चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर त्यांच्यावर असतो. नावं नसतात. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली आणि पुढं गावाच्या नावालाच मिलिटरी हा शब्द चिकटला. सुभेदार साहेबांच्या गावात अशी पाटी नव्हती, पण पाऊस नसलेलं गाव होतं. आमच्याकडे भरतीला जायला तेवढं कारण पुरतं. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायची होती, भरती जोरात होती. १९६३ साली ते बेळगावला रंगरूट म्हणून दाखल झाले. १९८७ च्या सुरुवातीला नायब सुभेदार म्हणून उतरले. फौजेत नायब सुभेदारालाही साहेबच म्हणतात, आणि गावात नायब हा शब्द कुणी वापरत नाही. म्हणून ते सगळ्यांचे सुभेदार साहेब.

पुढं कॅम्पला ते नेमानं यायला लागले. स्वतःचं काम घेऊन कधीच आले नाहीत. बरोबर कुणीतरी असायचं. कधी पलीकडच्या वाडीतली विधवा, जिला नवऱ्याचा आर्मी नंबरच माहीत नसायचा. कधी पायाला गोळी लागून लवकर घरी आलेला आणि त्याची अपंगत्वाची पेन्शन कधी मागितलीच नाही असा शिपाई. सुभेदार साहेब त्या माणसाला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः मागं उभे राहायचे. माझ्या प्रश्नाला त्या माणसाला उत्तर देता आलं नाही तर मागून हळूच सांगायचे. नंबर, कंपनी, साल. इतरांचे आर्मी नंबर त्यांना पाठ होते. फौजेतून आल्यावर काही वर्षं त्यांनी बँकेत बंदूकधारी रखवालदाराचं काम केलं होतं. तिथं पेन्शन घ्यायला येणारे म्हातारे, विधवा त्यांच्याजवळ बसायच्या, त्यातून ही सगळी ओळख.

काम संपलं की चहाला थांबायचे. तेवढ्यात मी त्यांना जमालपूरचं विचारायचो. मी क्लर्क माणूस. लढाई मी नकाशात आणि युनिटच्या इतिहासात वाचलेली. समोर ती लढलेला माणूस बसलेला असताना न विचारणं मला जमलं नसतं.

जमालपूर हे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, ढाक्याच्या उत्तरेला. १९७१ च्या डिसेंबरात उत्तरेकडून ढाक्याकडे जाणाऱ्या आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडच्या वाटेत ते आडवं होतं. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर ब्रिगेडचे कमांडर, आणि पहिल्या मराठाचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. सरहद्दीवरचं कमालपूरचं ठाणं बऱ्याच दिवसांच्या वेढ्यानंतर ४ डिसेंबरला शरण आलं आणि रस्ता मोकळा झाला. पुढं जमालपुरात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण पक्की मोर्चे बांधून बसली होती. समोरून धडक मारायच्या ऐवजी जंगी पलटण नदी ओलांडून गावाच्या मागं गेली आणि जमालपूरहून टांगाईलकडं, म्हणजे ढाक्याच्या दिशेनं जाणारा रस्ता तिनं रोखून धरला. सुभेदार साहेब तेव्हा लान्स नाईक होते. त्यांच्याकडं एलएमजी, म्हणजे हलकी मशिनगन होती.

नदीबद्दल ते भरभरून बोलायचे. माणदेशातल्या माणसाला ब्रह्मपुत्रा म्हणजे काय वाटलं असेल! "आमची माणगंगा बारा महिन्यांतली दहा महिने वाळूच," ते म्हणायचे, "अन् तिथं पाण्याला पलीकडचा काठ दिसायचा न्हाई." अवजड सामान न्यायला गाड्या पुरेशा नव्हत्या. आसपासच्या गावकऱ्यांनी बैलगाड्या आणल्या, सायकलरिक्षा आणल्या, डोक्यावर पेट्या वाहिल्या. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या सेक्शनला मुरी आणि गूळ दिला. आपल्या चुरमुऱ्यांसारखीच असते, जरा जाड. भाषा कळत नव्हती. तो म्हातारा त्यांच्या हातावर ओंजळभर मुरी घालून तिथंच उभा राहिला, खाऊन होईपर्यंत. ही गोष्ट त्यांनी मला प्रत्येक वेळी सांगितली.

९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं. मुक्तिवाहिनीच्या माणसानं ते पोचवलं. उत्तर आलं ते नकाराचं, आणि पत्राच्या घडीत एक गोळी गुंडाळलेली. हा किस्सा लढाईच्या इतिहासात नोंदलेला आहे. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीनं वेढा फोडून ढाक्याकडे निसटायचा प्रयत्न केला. रस्त्यावर जंगी पलटण बसलेली होती. अगदी जवळ येईपर्यंत कुणी गोळी झाडली नाही. पहाटेपर्यंत बलुच पलटणीची दोनशेहून जास्त माणसं पडली होती आणि ११ तारखेला जमालपूर आपल्या हातात आलं. मग पलटण टांगाईलकडं निघाली. तिथं ११ डिसेंबरला हवाई छत्र्यांतून उतरलेल्या दुसऱ्या पॅरा बटालियनशी पुंगली पुलापाशी गाठ पडली. दुसरी पॅरा म्हणजे मूळची मराठा पलटणच. छत्र्या घेऊन उतरलेली माणसंही आपल्याच मुलखातली. सुभेदार साहेबांना तिथं शेजारच्या तालुक्यातला एक ओळखीचा गडी भेटला होता. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर नियाझींनी जनरल अरोरांपुढं शरणागतीवर सही केली, तोवर आपलं सैन्य ढाक्यात पोचलेलं होतं.

त्या रात्रीबद्दल मात्र ते एका ठिकाणी थांबायचे. गोळीबार सुरू झाला, एवढं सांगायचे. उजाडल्यावर काय दिसलं, ते मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्यांचीबी आई हुती की." आणि चहाचा कप खाली ठेवला. मी परत विचारलं नाही. विचारू नये असं मला आजही वाटतं. ज्यानं ते पाहिलं त्याला ते सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क आहे, आणि आपण ऐकणाऱ्यांनी थरारासाठी त्याला तिथं परत ढकलू नये.

ते गेले ते वैशाखात, दुपारी, गोठ्यात. वय सत्तर-ऐंशीच्या मधलं. कळल्यावर मी आणि तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेची माणसं निघालो. पोचलो तेव्हा वाड्यापुढं पोरं जमली होती. भरतीची तयारी करणारी, पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं. त्यांतला एक साहेबांचा नातू. पोरांनी कुठून तरी तिरंगा आणला होता, तो अंगावर घालायचा होता. बंदुकीची सलामी कधी येणार, असं ते मला विचारत होते.

हे सांगणं माझ्या कामातलं सर्वांत जड काम आहे. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज पार्थिवावर घालता येतो तो शासकीय इतमामाच्या, लष्कराच्या किंवा केंद्रीय निमलष्करी दलाच्या अंत्यविधीत. निवृत्त सैनिक घरी वारला तर तो मान आपोआप मिळत नाही. पोरं चिडली. चिडणारच. चोवीस वर्षं देशाला दिली आणि एक झेंडा नाही? मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांना नियम मोडलेला आवडला नसता, ते उभ्या आयुष्यात पाळीला मिनिटभर उशिरा गेले नाहीत. मग आम्ही त्यांची टोपी आणि मेडलांची पट्टी पार्थिवावर ठेवली. संघटनेच्या माणसांनी रांगेत उभं राहून सॅल्यूट केला. पलटणीतल्या एका जुन्या हवालदारानं रेजिमेंटचा जयघोष दिला, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. सगळा गाव त्याच्या मागं म्हणाला. पोरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दहाव्याला गेलो तेव्हा वेशीवर मोठा फ्लेक्स लागलेला. साहेबांचा फोटो, मागं बर्फाचे डोंगर, रणगाडा, आणि वर ठळक अक्षरांत "कारगिल योद्धा". साहेब १९८७ ला उतरले, कारगिलची लढाई १९९९ ची. भाषणांतही तेच. एक पुढारी कारगिलवर बोलला, दुसरा सर्जिकल स्ट्राइकवर. जमालपूरचं नाव कुणी घेतलं नाही. पोरांनी ते खोटं म्हणून लावलेलं नव्हतं. त्यांना माहीत असलेली लढाई तीच, टीव्हीवर आणि सिनेमात दिसलेली. आजोबांनी नातवाला सांगितलं नव्हतं आणि नातवानं विचारलं नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी भाषण केलं नाही. जंगी पलटण, जुनी ब्रह्मपुत्रा, १० डिसेंबरची रात्र, ढाका, एवढं तारखांसकट सांगितलं. खाली बसल्यावर नातू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आबांनी हे आम्हाला कधीच सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरलेला होता.

साहेबांच्या पत्नीचं, म्हणजे आमच्या काकींचं, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला कागद काढले आणि तिथं गाडी अडली. साहेबांच्या नोंदीत पत्नी म्हणून जे नाव होतं ते काकींच्या आधारकार्डावर नव्हतं, रेशनकार्डावर नव्हतं, बँकेत नव्हतं. नोंदीतलं नाव त्यांचं माहेरचं. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. १९६८ साली लग्नाची सुट्टी संपवून साहेब पलटणीत गेले, तिथं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेतली अधिकृत नोंद, निघाली आणि तिच्यात त्यांनी सांगितलेलं नाव चढलं. पुढं तेच पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर आलं. कागदोपत्री साहेबांची बायको एक आणि समोर बसलेली बाई दुसरी. नवरा जिवंत असताना ही दुरुस्ती त्याच्या एका अर्जावर सुरू होते. तो गेल्यावर बाईला सिद्ध करावं लागतं की मी तीच.

ज्यांनी तालुकाभरच्या बायकांचे कागद जुळवून दिले, त्यांच्याच घरात असं कसं राहिलं? मी काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव बदललं ते सासूबाईंनी. त्यांना रुचलं न्हाई. ते मला जल्माचं नावच घ्यायचे." म्हणजे साहेबांच्या लेखी ती नोंद बरोबरच होती. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी ज्या नावानं हाक मारली तेच त्यांनी सरकारला सांगितलं होतं.

एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, गावचा दाखला, जोडीचा फोटो, हे सगळं लागतंच. पण जुना पुरावा असला की काम सोपं जातं. मी विचारलं, साहेबांची काही जुनी पत्रं आहेत का. नातवानं माळ्यावरून काळी ट्रंक खाली काढली. आमच्या सगळ्यांच्या घरी ती असते, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत डिस्चार्ज बुक, बेळगावचा रंगरुटांचा ग्रुप फोटो, एक लोकरी मफलर, आणि सुतळीनं बांधलेली आंतर्देशीय पत्रं. सासरे १९७० ला वारले, त्यानंतर साहेब काकींच्या नावानं पत्रं धाडायला लागले होते. बाहेर पत्त्यावर सासरचं नाव, कारण पोस्टमनला तेच माहीत. आत मजकुराच्या सुरुवातीला माहेरचं. एकाच कागदावर दोन्ही नावं, त्याच हाताची अक्षरं, आणि फौजी टपालाचा शिक्का. माझ्यासारख्याला याहून चांगला पुरावा काय पाहिजे!

पत्रं तारखेप्रमाणे लावत होतो. आतला मजकूर मी वाचत नव्हतो, तो माझा नव्हता. पण काकीच म्हणाल्या, "वाचा की. पोस्टमननं वाचून दावली तवा ऐकली, पुना कुणी वाचली न्हाईत." त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. नातू शेजारी बसला. १९७२ च्या जानेवारीत, बांगलादेशात असताना लिहिलेलं एक पत्र होतं. त्यात लढाई नव्हतीच. विहिरीला पाणी किती आहे, कडबा पुरेल का, तांबडा बैल विकू नये, धाकट्या भावाची शाळा सोडवू नये, आणि स्वतःबद्दल मी बरा आहे एवढंच. महिन्यापूर्वी जमालपूरच्या रस्त्यावर एलएमजी धरून बसलेला माणूस कडब्याचा हिशोब विचारत होता. मला ते वाचताना थांबावं लागलं.

पुढं १९७३ च्या उन्हाळ्यात पत्रं दोन महिने नव्हती. मी सवयीनं म्हणालो, "इथं साहेब वार्षिक सुट्टीवर आले असणार." काकी म्हणाल्या, "सुट्टी कसली? खडी फोडत हुते."

१९७२ चा दुष्काळ सांगायला नको, आमच्या मुलखात तो अजून वर्ष मोजायला वापरतात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी. खायला परदेशातून आलेली मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला त्याच्या मुळाशी ही कामं आहेत. काकी अशाच एका खडीच्या कामावर होत्या. पोटाशी पहिली मुलगी. घरी म्हातारी सासू, धाकटा दीर, आणि फौजेतून येणारी मनीऑर्डर एवढ्या खात्या तोंडांना पुरत नव्हती. साहेब सुट्टीवर आले तेव्हा घराला कुलूप होतं. ट्रंक ओट्यावर ठेवून ते कामावर गेले. काकी तिथं ढिगाऱ्यापुढं बसलेल्या, मुलगी बाभळीच्या सावलीला झोळीत.

साहेबांनी त्यांच्या हातातला हातोडा घेतला आणि बसले. दुसऱ्या दिवशी परत. पुढं रोज. हजेरीपटावर नाव काकींचं. नोकरीतल्या शिपायाचं नाव तिथं लागलं नसतं आणि साहेबांनी ते लावायला सांगितलंही नसतं. मुकादमानं पाहिलं आणि काही बोलला नाही. माप काकींच्या नावावर पडत होतं, खडी दोघं फोडत होते. वर्षभराच्या नोकरीनंतरची दोन महिन्यांची सुट्टी त्यांनी अशी घालवली. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, बांगलादेशची लढाई जिंकून आलेला गडी खडी फोडतोय. काकींना त्याची लाज वाटली का, असं नातवानं विचारलं. त्या म्हणाल्या, "लाज कसली? हात त्यांचेबी फुटले, माझेबी फुटले."

हे मला साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. जमालपूर मी विचारलं म्हणून सांगितलं. मी दुष्काळाचं विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात सैनिक म्हणजे लढाई. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रत्यक्ष लढाई किती पाहिली? १९७१ चं युद्ध तेरा दिवसांचं. बाकी सगळी वर्षं पहारा, कवायत, बर्फ, चिखल, बदल्या, सुट्टीची वाट, आणि इकडं घरी कुणीतरी विहिरीचं पाणी मोजत बसलेलं. शोकसभेत तेरा दिवस बोलले जातात, तेही चुकीच्या लढाईचे. माझं मत असं आहे की सुभेदार साहेबांच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणून जमालपूरच्या रात्रीशेजारी त्या खडीच्या दोन महिन्यांची नोंद झाली पाहिजे. पहिल्यासाठी त्यांना पूर्वी स्टार मिळाला. दुसऱ्याला मेडल नाही आणि पार्ट टू ऑर्डरही निघत नाही.

काकींची केस पत्रांसकट पाठवली. शंका निघाल्या, त्यांची उत्तरं दिली, परत कागद मागवले गेले, परत दिले. या काळात काकी मुलीच्या घरच्या पैशांवर होत्या आणि त्याचं त्यांना फार वाटायचं. फोनवर रोज एकच विचारायच्या, "माझं नाव लागलं का?" शेवटी सुधारित पीपीओ आला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं मान्य करून. थकबाकीसह निवृत्तिवेतन सुरू झालं. बँकेतून परत येताना काकींनी पहिलं काम केलं ते त्या मुकादमाच्या घरी पेढे नेऊन देण्याचं. मुकादम कधीच वारला होता. त्याच्या मुलाला त्यांनी सांगितलं, तुझ्या बापाचे उपकार आहेत.

नातवाला मी पुढच्या विजय दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं. आजोबांची मेडलं लावायची झाली तर नातेवाइकांनी ती उजव्या बाजूला लावायची असतात, डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची. हे मी त्याला आधी सांगून ठेवलं. तो पट्टी लावून आला, बोलायला उभा राहिला आणि जमालपूर, टांगाईल, ढाका हे सगळं बिनचूक सांगून मग खडीचं सांगायला लागला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत कुजबुज झाली. कार्यक्रम संपल्यावर त्यांतले दोघं-तिघं मला गाठून आपापल्या घरचं १९७२ सांगत होते. एकाची बायको गाव सोडून मुंबईला धुणीभांडी करायला गेली होती, आणि तो त्या वेळी नागालँडमध्ये होता. त्यानं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कॅम्पला फॉर्म भरून झाला की मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो: तुम्ही बाहेर होता तेव्हा घरी कोण काय करत होतं? उत्तर वहीत लिहून घेतो. तिथं बायको शेजारी बसलेली असेल तर बहुतेक वेळा उत्तर तीच देते आणि नवरा पहिल्यांदा ऐकत असतो. या वहीला सरकारी नंबर नाही. तरी ती कार्यालयात राहावी असं मला वाटतं, कारण १९७१ ला लढलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, भावकीत, वाडीत कुणी माजी सैनिक असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडं जा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ बाहेर काढायला लावा. त्यावर पत्नीचं नाव आहे का, ते आधारकार्डाशी जुळतं का, जन्मतारीख जुळते का, हे ताडून बघा. फरक दिसला तर ते हयात असतानाच दोघांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या. या कामाचे आमच्याकडं पैसे पडत नाहीत. आणि कागद बघून झाल्यावर लगेच उठू नका. त्यांची पलटण कुठली, ते कुठं कुठं होते, आणि त्या वेळी घर कुणी सांभाळलं, हे दोघांनाही विचारा आणि तारखांसकट लिहून ठेवा.